लोणावळ्याचं बर्फ

या धाग्यावरचे सगळ्यांचे अनुभव नातीने मला वाचून दाखवले. हडळी, चकवे, पांढऱ्या साड्या... मी मनसोक्त हसले. मी अशातली नाहीच मुळी. वडील शाळामास्तर, घरात सोवळं नाही की अंगारा नाही. पण हसून झाल्यावर नात म्हणाली, "मग ते तुझं बर्फाचं सांग की!" झाली पंचाईत. आता सांगते. टाइप ती करते आहे, म्हणजे चुका तिच्या.

युरोपात लढाई सुरू झाली त्या वर्षीचा हिवाळा. मी एकोणीस वर्षांची, मुक्काम लोणावळा. मामाने मुंबईहून एक डबा कॅमेरा आणून दिला होता आणि तेव्हापासून मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेत होते. वहीवर नावापुढे तसं लिहिलंही होतं, तेही इंग्रजीत! प्रत्यक्षात निम्म्या फोटोंत लोकांची डोकी नसायची. मी म्हणायचे, ही कलात्मक दृष्टी आहे.

आमच्या शेजारच्या बंगल्यात एका पारशी कुटुंबाकडे मुलांना पियानो शिकवायला मॅग्डा नावाची बाई राहायला आली. वय असेल पंचवीस. युरोपातून जीव मुठीत धरून निघालेली. सामान काय, तर एक ट्रंक आणि माणसाहून उंच अशा दोन लाकडी फळ्या. स्की! भावाच्या होत्या. भाऊ तिकडेच राहिला होता आणि त्याचं पत्र येत नव्हतं. लोणावळ्यात स्की घेऊन आलेली बाई... सगळं गाव बघायला जाऊन आलं.

त्या बंगल्यावर दूध घालायला जवळच्या कुरवंडे गावची ठकू यायची. माझ्याच वयाची, पण लग्न होऊन दोन लेकरांची आई. मॅग्डा मराठी शिकली ती तिच्याकडून. त्यामुळे ही गोरी बाई मला पहिल्या भेटीत म्हणाली, "तुमी फोटू काडता व्हय? लय ग्वाड!" मी तिथेच तिची मैत्रीण झाले.

फळ्या कशाच्या हे ठकूला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरफ न्हाई तर न्हाई. आमच्या माळावं या की. पौषातलं गवात लय निसारडं असतंया. गुरं बी घसारत्यात."

आणि काय सांगू! नागफणीच्या सुळक्याअलीकडचा तो माळ, वाळून सोनेरी झालेलं कमरेएवढं गवत. मॅग्डाने फळ्यांना खालून मेणबत्ती घासली, पट्टे आवळले आणि निघाली की सूंऽऽऽ करत! गवत तिच्यामागे दोन चकचकीत रेघांत आडवं होत गेलं. खाली पोचून ती इतकी जोरात ओरडली की ठकूची म्हैस दावं तोडून पळाली. मग ठकूने काष्टा खोचला आणि पहिल्याच फेरीत न पडता खाली! मी दादाचा पायजमा चढवून गेले होते, आधुनिक ना मी. चार हात गेले आणि थेट शेणात.

"ताई, फोटू काडू का तुमचा?" ठकू विचारते कशी.

पंधरा दिवस रोज सकाळी हेच वेड. घरी सांगायचे, निसर्गाचे फोटो काढायला जाते.

पहिल्या दिवशी ठकूने एक गोष्ट करायला लावली होती. माळाच्या वरच्या अंगाला एक शेंदूर फासलेला दगड होता, कड्याची आई. नवं माणूस माळावर आलं की तिच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवायचा. मॅग्डाने भक्तिभावाने ठेवला. मी हात मागे बांधून भाषण दिलं. विज्ञान, प्रगती वगैरे. ठकूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. तुमी फळीवं चढू नगा मग."

आता त्या दिवसाचं. उताराच्या एका अंगाला सपाट माळ होता आणि दुसऱ्या अंगाला कडा. सरळ कोकणात! त्या सकाळी माळावर लख्ख ऊन, पण दरी धुक्याने काठोकाठ भरलेली, कड्याची धारच दिसेना. ठकू म्हणाली, आज नको. मला मात्र तोच फोटो हवा होता. मागे पांढरंशुभ्र, पुढे मॅग्डा... अगदी बर्फातल्यासारखा! मासिकात छापून येईल असा. मॅग्डाला तो भावाला पाठवायचा होता. पत्ता लागला की.

मग मीच तोडगा काढला. मी खाली उभी राहणार. ज्या अंगाचा हात मी वर करीन, त्या अंगाला मॅग्डाने वळायचं. सोपं.

ज्यांनी डबा कॅमेरा वापरलाय त्यांच्या छातीत आत्ता धस्स झालं असेल. तो पोटाशी धरायचा आणि वरच्या इवल्याशा काचेत बघायचं. त्या काचेत सगळं उलट दिसतं, डावं ते उजवं. आदल्याच दिवशी हे मी ठकूला मोठ्या ऐटीत समजावलं होतं.

मॅग्डा निघाली. मी काचेत डोळे घातले. काचेत धुकं ज्या बाजूला दिसलं, तिच्या विरुद्ध बाजूचा हात मी झोकात वर केला.

"ताईऽऽ! हात कुटं करतीया! त्यो कडा हाय!"

मी मान वर केली तेव्हा मॅग्डा वळली होती. माझ्यावर विश्वास ठेवून, पूर्ण वेगात. धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आवाज नाही, काही नाही.

आम्ही धावलो. दोन चकचकीत रेघा सरळ कड्यापर्यंत गेल्या होत्या. धारेवरचं गवत बाहेरच्या बाजूला, दरीवर वाकलेलं. मी पालथी पडून धारेखाली बघितलं. नुसतं पांढरं धुकं... मी माझ्या मैत्रिणीला हाताने खूण करून दरीत पाठवलं होतं. एका फोटोसाठी.

"ताई..." ठकूचा आवाज मागून आला. फार हळू. "ताई, हितं या. हितं हाय ती."

वर, त्या शेंदरी दगडापाशी मॅग्डा बसली होती. कड्यापासून तीस पावलं असेल. फळ्या पायातच, पट्टे आवळलेले. मधलं गवत कमरेएवढं ताठ उभं, एक काडी मोडलेली नाही.

मी तिला मिठी मारली, रडले, थोबाडीत मारून घेतलं. "माझा हात चुकला गं!"

ती कड्याकडे बघत होती. म्हणाली, "पायाखाली काय बी नव्हतं." मग थांबून, "मंग व्हतं."

"काय होतं?"

तिने एक पाय उचलून दाखवला. फळीच्या खाली आणि पट्ट्यांच्या खाचांत बोटभर जाड पांढरं काहीतरी दाबून बसलेलं. मी नखाने काढलं आणि, जात्याच आगाऊ असल्यामुळे, तोंडात टाकलं. दातातून कळ गेली. मिठासारखं दिसत होतं, चव कसलीच नाही... थोडी लोखंडासारखी, बस.

ठकूने दगडाला हात जोडले. "तिचा तुकडा खाल्लाय आईनं. म्हनून माघारी दिली." मग सासूला दाखवायला म्हणून तिने मूठभर पांढरं पदरात गाठ मारून घेतलं. गावात पोचून गाठ सोडली तर नुसता ओला पदर. सासू म्हणाली, "कुटं सांडलंस गं पानी?" तो पदर मी माझ्या हाताने पिळला आहे.

संध्याकाळी मी मॅग्डाची पुन्हा माफी मागितली. ती म्हणाली, "उद्या उलटा हात वर कर." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आम्ही गेलो! जाताना मी भाकरी नेली. तुकडा नाही, अख्खी.

फोटोचं विचाराल तर त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात माझा अंगठा आला आहे.

नातू म्हणतो, दव गोठलं असेल. सकाळी दहाच्या उन्हात? बोटभर जाड? म्हणतो, मॅग्डा आधीच पडली असेल, रेघा आदल्या दिवसाच्या असतील. असतील बाबा. आम्ही कधी कड्याकडे गेलोच नव्हतो, पण असतील. लढाई संपल्यावर मॅग्डा दूरदेशी गेली. तिची पत्रं येत राहिली, पण या गोष्टीचा एका अक्षराने उल्लेख नाही. मीही विचारलं नाही.

सत्तरी उलटल्यावर मुलाने मला मनालीला नेलं. गाडीतून उतरले, वाकून चिमूटभर बर्फ उचललं आणि तोंडात टाकलं. तीच कळ. तीच लोखंडाची चव. मी मूठभर बर्फ पदरात बांधायला लागले.

मुलगा धावत आला. "काय झालं आई? पहिल्यांदाच बघते आहेस ना बर्फ?"

"नाही रे," म्हटलं, "दुसऱ्यांदा."