एका भाकरीचे वाटेकरी

माझे वडील परळमधल्या एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी कॉलेजात जात होते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवत होते. आमचं देऊळ म्हणजे एका जुन्या इमारतीचा तळमजला. शेजारी मसाल्याची चक्की होती. तिथे मिरच्या कुटायला घेतल्या की इकडे अख्खी मंडळी गाता गाता खोकायची.

बहुतेक कुटुंबं नगरकडून आलेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी शाळेत. आमच्यात एक नर्सबाई होत्या. परळच्या एका इस्पितळात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. लग्न केलं नाही, धाकट्या भावाला वाढवलं. आम्ही मुलं त्यांना सिस्टरमावशी म्हणायचो आणि म्हणून त्यांचा भाऊ आमचा मामा झाला. मामा गिरगावात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. उपासनेत ढोलकीवर तोच असायचा.

ढोलकीच्या पुढच्याच बाकावर हवालदारकाका आणि त्यांची बायको बसत. काका हत्यारी पोलिसांत होते. उंच, काळेसावळे, आवाज असा की गायन कुठल्या पट्टीत सुरू करायचं ते मी नाही, तेच ठरवायचे. मामाची आणि त्यांची चांगली थट्टामस्करी चालायची.

चळवळ पेटली त्या सालात एके दिवशी छापखान्यातली माणसं मोर्चात गेली. मामाही गेला. गोळीबार झाला आणि एक गोळी त्याच्या गुडघ्यातून आरपार गेली. पाय वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. खिळ्यांच्या खणांपुढे दिवसभर उभं राहायचं त्याचं काम संपलं. मालक भला होता म्हणून त्याला प्रुफं तपासायला खुर्ची मिळाली.

पुढच्या रविवारी कुणीतरी हवालदारकाकांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"घरीच. अंगात ताप व्हता," ते म्हणाले.

आमच्यातल्या एका गिरणीकामगाराने त्यांना त्याच सकाळी बंदूक घेऊन पोलिसांच्या लॉरीत चढताना पाहिलं होतं. हे हळूहळू सगळ्यांना कळलं. तरी कुणी काही बोललं नाही. उलट सगळे काकांशी फार गोड बोलू लागले. इतकं गोड बोलणं मी आमच्या मंडळीत कधी ऐकलं नव्हतं. उपासना संपली की मात्र माणसं भराभर पांगायची. काकांच्या बाकावर बाकीची जागा रिकामीच राहू लागली. त्यांची बायको पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसायची. काकांचा आवाजही बसला. गायन सुरू करायची पाळी आता माझ्यावरच येऊ लागली.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा घ्यायच्या, रविवारची भाकर सिस्टरमावशी स्वतः करून आणायच्या. मामा कुबडी घेऊन पुन्हा ढोलकीवर बसू लागला त्या सुमारास, अशा रविवारच्या आदल्या दुपारी, त्या भाकर घेऊन आमच्या घरी आल्या. डबा टेबलावर ठेवला आणि पपांना म्हणाल्या, "पाळकसाहेब, भाकर आणलीय. पण उद्या मी ती घेणार नाही."

पपा दचकले. "का बाई? मनात राग आहे?"

"राग आहेच. पण रागावर मी प्रार्थना करू शकते. खोट्यावर काय करू? मला ठाऊक आहे तो तिथे होता. त्याला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आणि आम्ही दोघं एका भाकरीतून खाणार?"

पपांनी त्यांना बसवलं. मी चहा ठेवायला आत गेले, पण कान बाहेरच होते. पपा म्हणाले, "मी मुद्दामच विषय काढला नाही. मंडळी फुटेल. आणि ही बातमी बाहेर गेली तर लोक त्याचं दार फोडतील. दिवस कसे आहेत, तुम्ही पाहताच. थोडं प्रेमानं घ्या."

"प्रेमानंच घेतेय," मावशी म्हणाल्या. "तो आत सडत चाललाय. जखमेत पू असताना मी वरून पट्टी बांधत नाही, पाळकसाहेब. मला तो माणूस परत पाहिजे."

मी चहा घेऊन बाहेर आले. मग मावशी माझ्याकडे वळल्या. "चल गं माझ्याबरोबर. त्याच्या बायकोलाही भेटू."

आम्ही दोघी नायगावच्या पोलीस लाइनीत गेलो. एका खोलीचं घर, लख्ख पुसलेलं. काका नुसत्या बनियनवर बसून पट्ट्याला पॉलिश करत होते. मावशींना दारात पाहून उठले आणि नुसते उभे राहिले. त्यांच्या बायकोने पाण्याचे पेले आणले, तेही हातात तसेच राहिले.

मावशी खाली सतरंजीवर बसल्या. आवाज चढवला नाही. "मी भांडायला आले नाही," त्या म्हणाल्या. "एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही गोळी झाडलीत?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून रडायला लागली. आणि मग तो एवढा मोठा माणूस मटकन खाली बसला.

"झाडली, बाई. हुकूम झाला, झाडली. खाली नेम धरला व्हता. कुनाला लागली, ठावं न्हाई. तुमच्या भावालाबी माझीच लागली आसंल." मग म्हणाले, "ताप-बीप काय नव्हता. त्याच्या तोंडाकडं बगून सांगायची हिंमत झाली न्हाई."

मावशींचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. मग त्यांनी काकांच्या बायकोच्या हातातला पेला घेतला आणि पाणी प्यायलं. "आता मला तुमच्या शेजारी बसता येईल," त्या म्हणाल्या. "भावाचं मी सांगू शकत नाही. त्याचं त्याला ठरवू दे. पण त्याला हे तुमच्या तोंडून ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी भाकर मोडण्याआधी हवालदारकाका उभे राहिले. नायगावला बोलले तेच मंडळीपुढे बोलले, तेवढ्याच शब्दांत. हुकुमाचं निमित्त लांबवलं नाही, रडले नाहीत. फक्त मामाकडे पाहून म्हणाले, "खोटं बोललो, त्याची तुमच्याकडं माफी मागतो. गोळीची कशी मागायची, ते मला कळत न्हाई."

चक्कीचा आवाज तेवढा येत होता. मामाने ढोलकी बाजूला ठेवली, कुबडी घेतली आणि पाय ओढत बाहेर निघून गेला. मला वाटलं, मावशी त्याच्यामागे जातील. त्या उठल्या, तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या आणि मग काकांच्या बाकावर जाऊन बसल्या. तबक आलं तेव्हा आधी त्यांनी भाकर घेतली आणि तबक काकांपुढे धरलं. काकांनी लगेच हात पुढे केला नाही. मावशींनी तबक तसंच धरून ठेवलं, त्यांनी तुकडा उचलेपर्यंत.

त्या दिवशी पपांनी लिहून आणलेला उपदेश वाचलाच नाही. "मी शांतता राखत होतो," एवढं म्हणाले, "आणि तिलाच एकमेकांची संगत समजत होतो."

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ती बातमी बाहेर गेली नाही. परळ-लालबाग तेव्हा असं तापलेलं होतं की एका शब्दाने त्या नवराबायकोचं जगणं अवघड झालं असतं. आमच्यातली कितीतरी माणसं स्वतः सभांना जाणारी, मोर्चात घोषणा देणारी. मामाच्या छापखान्यातले दोस्त तर त्याला सारखे विचारत, तुमच्यातलाच एक पोलिसात आहे ना, तो होता का तिथे? मामा त्यांना सांगायचा, "आमच्या देवळातलं मी देवळात बोलतो." मावशींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो भावाला नोकरी लागली तेव्हाही नसेल.

काही आठवड्यांनी मामा परत आला. पपांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "घरी बसून कंटाळलो. आणि आता निदान इथे कुणी नाटक करत नाही." ढोलकी त्याने पुन्हा घेतली, पण काकांशी बोलला नाही. काकाही उगाच पुढेपुढे करायला गेले नाहीत. सलाम घालायचे, उत्तर आलं नाही तरी पुढच्या रविवारी पुन्हा घालायचे.

मग एकदा ईस्टरच्या सकाळी, बाकं लावताना, मामाने अचानक विचारलं, "मी तुम्हाला दिसलो होतो का?"

काकांनी हातातलं बाक खाली ठेवलं. "न्हाई. धुरात नुसते पाय दिसत व्हते."

मामाने कुबडीवर रेलून त्या बाकाचं एक टोक धरलं. मी पेटीचं झाकण उघडून तशीच थांबले होते. मग तो म्हणाला, "दुसरं टोक उचला. मला एकट्याला हे जड होतं." दोघांनी मिळून ते बाक भिंतीशी लावलं. त्या दिवशी गायन काकांनी सुरू केलं, जुन्या पट्टीत.

ते जिवलग मित्र झाले असं मी म्हणणार नाही. कधी पाय जास्त दुखला की मामा त्यांच्यावर खेकसायचा आणि ते ऐकून घ्यायचे. पण त्यानंतर मंडळीतली माणसं एकमेकांशी खरं बोलायला धजावू लागली. सासूसुनांची, भावाभावांची कितीतरी जुनी दुखणी पपांच्या टेबलाशी येऊन बसली आणि पपांनी एकावरही पांघरूण घातलं नाही. मावशींना मात्र कुणी त्याबद्दल चांगलं म्हटलं तर त्या सरळ भाकरीचं पीठ चाळायला लागायच्या.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास काकांची बदली घाटावर झाली. निरोपाच्या उपासनेत पपांनी विचारलं, यांच्यासाठी प्रार्थना कोण करील? मंडळीच्या पंचांपैकी कुणी उठायच्या आत मामा कुबडीवर उभा राहिला. मंडळीत तो मोठ्याने प्रार्थना करत नसे.

"प्रभू," तो म्हणाला, "ह्या माणसाचा मला अजून राग येतो. पाय दुखला की येतो. तुला ते ठाऊक आहे, त्यालाही आहे. पण तो आमचा आहे. नव्या गावात त्याला एकटं पडू देऊ नकोस. त्याच्या बायकोला चांगला शेजार दे."

तो थांबला. मावशींनी डोळे मिटूनच भावाचा हात धरला. आमेन म्हटलं ते आधी हवालदारकाकांनी, त्या भरदार आवाजात, आणि मग आम्ही सगळ्यांनी.