आमचे साडू टांझानियात इंग्रजी शिकवतात

आमच्या थोरल्या साडूंचा एकही दिवस आजवर काळजीवाचून गेलेला नाही, आणि चुकून तसा दिवस उगवलाच, तर आज काळजी का वाटत नाही म्हणून ते डॉक्टरकडे जातील. पुण्याला निघायचं तर एसटीच्या दीड तास आधी ते नगरच्या तारकपूर स्टँडवर हजर असतात, आणि गाडी वेळेवर आली की आणखी अस्वस्थ होतात. डाव्या खिशात घराची किल्ली, उजव्या खिशात त्याच घराची दुसरी किल्ली आणि तिसरी आमच्याकडे. एकदा पुतण्याच्या लग्नाचं वऱ्हाड सुप्यापर्यंत गेलेलं असताना त्यांनी अख्खी गाडी माघारी सावेडीला आणवली, कारण कुलूप लावल्याचं त्यांना आठवत होतं, ओढून पाहिल्याचं आठवत नव्हतं. कुलूप जिथल्या तिथे होतं. "आलो ते बरं झालं," ते समाधानाने म्हणाले, "नसतं तर?" मुहूर्त टळला याबद्दल मात्र ते पुढे वर्षभर नवरीकडच्यांची माफी मागत होते.

असा माणूस बासष्टाव्या वर्षी एकटा टांझानियाला जाऊन तिथल्या गरीब वस्तीतल्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कर्जतकडच्या एका हायस्कुलात त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर काळजी करायला वर्ग उरला नाही, तेव्हा मोबाईलवर एका संस्थेची जाहिरात बघून त्यांनी अर्ज केला. तोही अशा खात्रीने की वय बघून ते आपल्याला नकोच म्हणतील. ते हो म्हणाले. आता नकार कळवायचा, तर समोरच्याला वाईट वाटू नये असे शब्द शोधण्यात यांचे चार दिवस गेले, आणि तेवढ्यात बातमी कर्जतला पोचून माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला. आमच्याकडे माणसाने काही करून दाखवायच्या आधीच त्याचा सत्कार होतो. फेटा, शाल, नारळ, आणि चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर विमान होतं आणि विमानापेक्षा मोठे आमचे साडू होते. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज असलेला एक माजी विद्यार्थी या सगळ्यात पुढे होता. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "सर, तुमी आता परदेशातल्या पोरांना इंग्रजी शिकवनार. आमाला लई अभिमान हाय." टाळ्या पडल्या. एकदा फ्लेक्स लागल्यावर माघार घेता येत नाही, हे मला साडूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आलं.

परतताना एसटीत त्यांनी फेटा मांडीवर घेतला होता. मिरजगाव गेल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, एक सांगतो, कुठे बोलू नका. मी इंग्रजी शिकवलं, पण कोणाशी बोललो नाही. एकदाही नाही. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. तिकडे गेल्या गेल्या माझी चोरी उघडी पडेल." मी हसण्यावारी न्यायला बघितलं, पण ते फेट्याची घडी घालत आणि उलगडत राहिले. मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, तेवढ्या निवांत होत्या. "जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या, "तीन महिने मलाही कुलूप एकदाच ओढता येईल."

साडू गेले आणि त्यांची काळजी रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर येऊ लागली. पत्र्याचं छप्पर, एका बाकावर पाच-पाच पोरं, आणि पुढे हे. पहिल्या दिवशी घाबरून त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने सुरुवात केली. "द डॉग इज रनिंग. म्हणजे काय? कुत्रा धावत आहे." सगळ्या वर्गाने एका सुरात ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, कुत्र्यासकट. आपण मराठी बोललो हे यांच्या लक्षात आलं ते खोलीवर जाऊन बूट काढताना. दुसऱ्या दिवशी मराठी गाळायचा प्रयत्न केला, तर इंग्रजीही तोंडातून निघेना. शेवटी नाइलाजाने जुनीच पद्धत चालू झाली. पोरांना वाटलं, इंग्रजी असंच असतं. 'म्हणजे काय' हा त्या भाषेचाच एक भाग समजून ती खेळतानाही एकमेकांना तेच विचारू लागली.

महिना भरत आला तसा एका बुधवारी त्यांचा फोन आला. चेहरा उतरलेला. "उद्या मुख्याध्यापिका वर्गात येऊन बसणार आहेत. मला ठेवायचं का परत पाठवायचं, ते उद्या ठरणार. साडूभाऊ, कर्जतचा फ्लेक्स अजून उतरला नसेल हो." त्या गुरुवारी माझं कशात लक्ष लागेना. ती काळजी कधी मला येऊन चिकटली ते कळलं नाही. दुपार टळली तरी फोन नाही. मी चहा तीनदा गरम करून घेतला आणि तीनदा तसाच ठेवला.

फोन आला तो साडेचारला. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या आणि साडूंची वाचाच बसली. खडू हातात, फळा कोरा. मिनिटं गेली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "टीचर इज अफ्रेड. म्हणजे काय?" आणि सगळ्या वर्गाने त्यांच्या स्वतःच्या भाषेत अर्थ सांगितला. हे वाक्य साडूंनी शिकवलेलं नव्हतं, कुठल्या धड्यात नव्हतं. ते तिचं तिने जुळवलं होतं. तास संपल्यावर साडूंनी मुख्याध्यापिकेपुढे सगळी कबुली दिली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी संभाषण. त्या बाई म्हणाल्या, ही पोरं आजवर वर्गात कधी कोणाला काही विचारत नव्हती, आता मला घरापर्यंत प्रश्न विचारत येतात, तुम्ही राहा.

मी आनंदाने ओरडलोच. साडू मात्र म्हणाले, "त्या मुलीला एका महिन्यात बोलता आलं. कर्जतच्या पोरांना मी वर्षानुवर्षं तोंड उघडू दिलं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. त्यापायी कोणाचं काही अडलं असेल का हो? जरा विचारून बघता?"

मी कर्जतला गेलो. गॅरेजवाला ट्रॅक्टरखालून बाहेर आला, हात पुसले, चहा मागवला. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "नागापूरला कंपनीत मुलाखतीला गेल्तो. मशिनीचं समदं येत हुतं. सायबानं इंग्रजीत इचारलं, समजलं बी, पन तोंडच उघडलं न्हाई. जाऊ द्या. सरांना नका सांगू. लई जीव लावलाय त्यांनी आमाला." माझ्याच्याने चहा पुरा घेववला नाही.

संध्याकाळी साडूंना फोन केला. म्हटलं, भेटलो, सगळ्यांचं उत्तम चाललंय, कोणाचं काही अडलं नाही. पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"आल्यावर त्याच्याकडे जाईन म्हणतो," साडू म्हणाले. "तुम्ही याल ना बरोबर?"

मी कोणाचंही नाव घेतलेलं नव्हतं. येतो म्हणालो.