हवेची नळी

आई गेल्यावर ती मला पुन्हा भेटली ती एका लॉरीत. देवळात नाही, स्वप्नात नाही, कोळशावर चालणाऱ्या लॉरीत. हे सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. मेलेल्या माणसाचा हात ज्यांच्या डोक्यावरून फिरला नाही, त्यांचं हसायला काय जातं?

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मुरबाडच्या शेठने लॉरीच्या मागे कोळशाचा गॅस करणारी टाकी बसवून घेतली. माणसाएवढी उंच, पत्र्याची. खाली विस्तव, वर कोळसा. कोळसा धुमसला की त्यातून गॅस निघायचा, नळीतून इंजिनाकडे जायचा आणि वाटेत दुसऱ्या नळीने बाहेरची हवा येऊन त्यात मिसळायची. लॉरी माझा नवरा चालवायचा. क्लीनर लष्कराच्या कामावर निघून गेला, दुसरा मिळेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. डोळखांबकडच्या भट्ट्यांवरचा कोळसा फोडायचा, चाळायचा, टाकीत भरायचा आणि सकाळी पंख्याचं हँडल फिरवून विस्तव फुलवायचा. बाईमाणूस लॉरीवर चढलेलं बघून गावाने तोंडात बोटं घातली. मला मात्र बरं वाटायचं. सासूच्या नजरेखाली दिवसभर भांडी घासण्यापेक्षा कोळशाने तोंड माखून भाताची पोती आटगाव स्टेशनात पोचवणं केव्हाही चांगलं.

गॅसवर लॉरीचा दम निम्मा झाला होता. चढ आला की ती कण्हत कण्हत उभीच राहायची. नवऱ्याने ओळखलं की दोष हवेचा आहे. हवेच्या नळीचं तोंड खाली चाकांजवळ होतं आणि आमचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. इंजिन हवेबरोबर धूळ ओढायचं. त्याने नळी वाढवली, केबिनच्या फळीला भोक पाडलं आणि तिचं तोंड आत, माझ्या बाकाखाली आणलं. वर माझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. आणि काय सांगू, लॉरी चढ एका दमात चढायला लागली. आटगावला जाऊन परत आलं तरी टोपलीत कोळसा उरायचा.

"आता तुझ्यासंगं तीबी चांगली हवा खाते," तो म्हणाला. इतकं खूश झालेलं मी त्याला लग्नातही बघितलं नव्हतं.

किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याला एक खिंड लागायची. तिथे चेडा होता, म्हणजे वाटेचा राखणदार, शेंदूर फासलेला एक दगड. बैलगाड्यांपासूनचा रिवाज असा की खिंडीत गाडी थांबवायची आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा हाताने धरून ठेवायच्या. त्याला आवाज खपत नसे. पुरुषाने उतरून एक हिरवी डहाळी वाहायची, विडी पेटवून दगडावर ठेवायची आणि तिचा धूर संपेपर्यंत उभं राहायचं. बाईने चेड्याच्या नजरेस पडायचं नाही, पडदे ओढून आत बसायचं. लॉरी आली तरी रिवाज तोच राहिला. घंटा नव्हत्या, म्हणून इंजिन बंद करायचं.

नळी आत घेतल्यानंतरची ती पहिलीच फेरी. भर दुपार होती. नवरा उतरला, मी दोन्ही बाजूंचे ताडपत्रीचे पडदे घट्ट बांधून घेतले. खिंडीत पाखराचाही आवाज नव्हता. मागे टाकीतला विस्तव तेवढा तडतडत होता. थोड्या वेळाने माझं डोकं आवळायला लागलं. कपाळाकडून मागे, अगदी ओढून वेणी घालावी तसं. आई अशीच घालायची, डोळे ताणले जाईपर्यंत. मी मान मागे वळवू बघत होते पण मान ऐकेना. मग कानाशी अगदी स्वच्छ आवाज आला.

"हलू नको गो बाय. सुटंल."

आईचाच आवाज होता तो. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. मी घाबरले नाही, हे आधी सांगते. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. नवऱ्याने येऊन गाडी चालू केली, पडदे वर केले, वारा लागला, आणि आईचा हात निघून गेला. उरली ती नुसती डोकेदुखी. आटगावला मी ओकले.

मग प्रत्येक फेरीला तेच. जाताना खिंड, येताना खिंड. कधी आईच्या बांगड्या वाजायच्या, कधी ती काहीच बोलायची नाही, नुसती केस ओढत राहायची. मला तिची ओढ लागली आणि भीतीही वाटायला लागली, कारण हळूहळू ती मला म्हणायला लागली, "चल." मी घरी येऊन भिंतीला डोकं लावून बसायची. हातातून ताट निसटायचं. सासूला आधी वाटलं, सुनेला दिवस गेले. तिने शेजारणीला सांगूनही टाकलं. तसं काही नाही हे कळल्यावर तिचा चेहरा असा उतरला की मला तिची कीव आली. पण झोपेत मी आईशी बोलते हे तिने ऐकलं आणि माझी कीव तिथेच संपली.

"हिला खिंडीतलं लागलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "भगताला घेऊन जाऊ. कोंबडा देऊ. तेवढ्यानं नाय सुटलं, तर हिला बापाकडं पोचव. माझ्या घरात नको."

बापाच्या घरात दुसरी आई आलेली होती. तिथे माझ्यासाठी निजण्यापुरतीही जागा नव्हती आणि हे सासूला चांगलं ठाऊक होतं. नवरा खाली बघत राहिला. स्वतःच्या आईपुढे त्याची दातखीळच बसायची.

कोंबड्याच्या दिवशी भगत मागे पोत्यांवर बसला आणि केबिनमध्ये नवरा, मधे सासू, कडेला मी. काळा कोंबडा पाय बांधून बाकाखाली टाकलेला. वाटभर तो फडफडत होता. सिद्धगडाचा डोंगर मागे पडला, खिंड आली, इंजिन बंद झालं. पुरुष उतरले. सासूने नवऱ्याच्या बाजूचा पडदा स्वतः बांधला आणि मला म्हणाली, "भायेर बघायचं नाय."

मी बघितलं. माझ्याच नावाने काय चाललंय ते बघायला मला कोणाची बंदी? माझ्या बाजूच्या पडद्याची कड बोटाने उचलून मी फटीला नाक लावून बसले. भगत दगडापुढे कुंकू मांडत होता. नवरा विडीकडे बघत उभा होता. आज आई येईल म्हणून मी अंग आवळून वाट बघत होते. आई आली नाही.

बाकाखालची फडफड थांबली होती. मी खाली वाकले. कोंबड्याची मान फळीवर आडवी पडली होती, चोच उघडी. सुरी अजून भगताच्या हातात होती. आणि माझ्या शेजारी सासू कोणाशी तरी बोलत होती.

"आले रे," ती म्हणत होती. हळू, लाडाने. तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आले, आले. किती हाका मारशील?"

तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत मी नव्हते. तिचं अंग कलत कलत माझ्या मांडीवर आलं. त्या क्षणी मला चेडा आठवला नाही, रिवाज आठवला नाही. दाराला लाथ घातली आणि तिला काखेत धरून खाली ओढलं, त्या दगडाच्या अगदी समोर. भगत ओरडला. नवरा धावत आला. उघड्यावर पडल्यावर बऱ्याच वेळाने सासूने मोठा श्वास घेतला आणि ओकली. कोंबडा मात्र उठला नाही. भगत म्हणाला, देवाने सुरीची वाटही पाहिली नाही.

मी पदर नाकाला लावून पुन्हा आत वाकले. बाकाखाली लुगड्याच्या तुकड्यापुढे हात धरला. इंजिन चालू असताना तो तुकडा आत ओढला जायचा, हे मला रोज दिसायचं. आता तो बाहेरच्या बाजूला फुगला होता आणि तळव्याला ऊन वाफ लागत होती. इंजिन थांबलं तरी विस्तव थांबत नाही. ओढणारं कोणी नसलं की कोळशाचा गॅस हवेच्याच नळीने उलटा, आमच्या बंद केबिनमध्ये येत होता.

"इथं हात ठेवा," मी नवऱ्याला म्हणाले.

त्याने ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग तो लॉरीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मीच तुमाला..." एवढंच म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने नळी बाहेरून वर नेली, टपाच्याही वर, धूळ पोचणार नाही इतकी उंच. लॉरी तशीच एका दमात चढत राहिली. केबिनच्या फळीतल्या भोकात लाकडी बूच बसवलं. मला बापाकडे पोचवायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. आईही पुन्हा आली नाही. पडदे बांधून मी खिंडीत बसायची तेव्हा डोक्याला काही लागायचं नाही, आणि वेणी कितीही घट्ट घातली तरी ती सैलच वाटायची.

भाताची कापणी झाल्यावर सासू एकदा म्हणाली, मलाबी आटगावला यायचंय. तिथे तिचं काही काम नव्हतं. खिंडीत नवरा डहाळी घेऊन उतरला. तिने दोन्ही पडदे स्वतः बांधले, दोरीला दोन-दोन गाठी मारल्या आणि मान ताठ करून बसली. बाहेर विडीचा धूर निघत असेल. आत काहीच झालं नाही.

"माझा थोरला व्हता," ती समोर बघत म्हणाली. नवऱ्याच्या आधी एक मुलगा होऊन लहानपणीच तापाने गेला, हे मला ऐकून माहीत होतं. तिने त्याचं नाव कधी काढलं नव्हतं. "तो हाका मारत व्हता गो. मी त्याच्याकडं पोचायच्या आत तू मला भायेर वढलंस."

ती वाकली आणि बाकाखाली हात घालून बोटांनी ते बूच चाचपायला लागली, नखाने कड शोधायला लागली. मी तिचा हात धरला नाही. बूच निघणार नव्हतं. ते मीच ठोकलं होतं, नवऱ्याच्या हातातून हातोडी घेऊन.