भिंतीवरची मराठी

विमान ढगांखाली आलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. खाली तळी, नारळ, गच्च्या, सगळं ओलं आणि करडं. जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. हॅम्बुर्गहून आणलेला लोकरीचा कोट मी हातावर टाकला. चेन्नईचा नोव्हेंबर आपल्याकडच्या ऐन श्रावणासारखा निघाला.

मी मूळची साताऱ्याची. एकोणीस वर्षं हॅम्बुर्गमध्ये राहून कोणता कंटेनर कोणत्या बोटीवर चढवायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर सांभाळत होते. कंपनीने ते काम चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात हलवायचं ठरवलं. तीन महिन्यांत मी ते इथल्या लोकांना शिकवायचं. त्यांना आलं की हॅम्बुर्गमधली माझी जागा बंद. हे मला निघण्याआधीच सांगितलं होतं, तरी आले.

इथल्या टीमची प्रमुख कविता हिने वेस्ट मांबलममध्ये माझ्यासाठी खोली पाहून ठेवली होती. "घरमालकीण तुमची भाषा बोलते," ती म्हणाली.

जिन्याशी साठीच्या सरोजाबाई उभ्या होत्या. कपाळावर विभूती, केसांत मोगरा.

"या, बैसा. जेवण जालें कीं?"

मी बघतच राहिले. शब्द मराठी, चाल तमिळ, आणि रूप कुठल्याशा जुन्या पत्रातलं. त्यांचं घराणं तंजावरचं. "आम्हांस येऊन तीनशें वर्षें जालीं," त्या हसल्या. "अजून लोक पुसतात, केव्हां आलांत?"

मग दिवस पाण्यासारखे वाहिले. सकाळी कंपनीच्या गाडीतून शोळिंगनल्लूर, दुपारी केळीच्या पानावर साप्पाड (भात-सांबार-रसमचं पूर्ण जेवण), संध्याकाळी परत. कविता फार लवकर शिकत होती. माझी एकोणीस वर्षं तिच्या वहीत उतरताना पाहून मला अभिमान वाटायचा, आणि लगेच माझी जागा बंद होणार हे आठवायचं. एकदा टी. नगरच्या गर्दीत मी वाट चुकले आणि दोन तास साड्यांच्या दुकानांसमोरून फिरत राहिले. गंमत म्हणजे घाबरले नाही. कुणीच कुठे पोचायची घाई करत नव्हतं, असं वाटत होतं.

डिसेंबरच्या मध्यात मार्गळी (इथला मार्गशीर्ष) लागला. पहाटे धुकं, लांबून येणारे भजनाचे सूर, दारोदार तांदळाच्या पिठाचं कोलम (रांगोळी). थंडी चोवीस अंशांची, पण लोक कानटोप्या घालून फिरत होते.

जानेवारीच्या सुरुवातीला कंपनीने मला चार दिवस सिंगापूरला बोलावलं. काचेची इमारत, बत्तिसावा मजला, खाली खेळण्यांसारखी जहाजं. "इथे कायमची या," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत कळवा."

शुक्रवारी पहाटे मांबलमला परतले, तर माझ्या खोलीच्या दारासमोर ताजं कोलम. सरोजाबाईंनी चार दिवस रोज काढलं होतं म्हणे.

"मी तर नव्हते इथे!"

"तुम्ही नव्हतां. दार होतें," सरोजाबाई म्हणाल्या. मग विचारलं, "उद्यां तंजावरास येतां? एक काम आहे. तुम्हांस देवनागरी वाचतां येतें ना?"

शनिवारी एग्मोरहून सकाळची गाडी पकडली. खिडकीबाहेर हिरवी शेतं सरकत होती. मी अर्धवट झोपेत होते. तंजावरच्या मोठ्या देवळात त्या मला थेट एका भिंतीशी घेऊन गेल्या. मराठी राजांच्या काळातला भलामोठा लेख, ओळीमागून ओळ. "वडील इथें उभे राहोन वाचून दाखवीत. मी तमिळ शाळेंत शिकलें, मला हें वाचतां येईना. ते गेले तेव्हांपासून भिंत मुकी."

मी ऐटीत सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीत अडखळले. अक्षरं माझी, शब्द अनोळखी. अर्थच लागेना.

"थांबूं नका. वाचा," त्या डोळे मिटून म्हणाल्या.

मी अक्षर अक्षर लावत वाचत गेले. जिथे मी अडले तिथे त्या शब्द पुरा करत, त्याचा अर्थ सांगत. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातले शब्द भिंतीवर होते. ऊन दगडांवरून सरकलं. शेजारून जाणारी माणसं थांबून बघत होती. शेवटी सरोजाबाईंनी डोळे पुसले. "अप्पांचाच आवाज," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी त्यांना सिंगापूरचं सांगितलं. त्यांनी सल्ला दिला नाही, डब्यातली लिंबूभाताची मूद माझ्या हातावर ठेवली.

सोमवारी मी सिंगापूरला नकार कळवला. कविताला म्हटलं, "इथेच राहून तुझ्या टीममध्ये काम करायचं म्हटलं तर?"

ती गडबडली. "मॅडम, मग टीमप्रमुख तुम्ही."

"नाही, तूच. मला चालेल." मी तिची वही तिच्यापुढे सरकवली. कंपनीने होकार द्यायला दोन आठवडे लावले. त्या दोन आठवड्यांत मला नीट झोप लागली नाही.

फेब्रुवारीत हॅम्बुर्गला उतरले तेव्हा बर्फ पडत होता. जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. "आलात का घरी? किती दिवस झाले!"

माणसाने घर कुठे म्हणावं, हे मला एकोणीस वर्षांत उमगलं नव्हतं. तेव्हाही पुरतं उमगलं होतं असं नाही. पण उत्तर तोंडातून सहज निघालं.

"नाही आजी," मी म्हटलं, "सामान न्यायला आलेय."