लाल रेघ

भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा बदल्यांच्या धामधुमीत मी आंबागडाकडच्या एका लहान गावातल्या शाळेत येऊन पडलो. चौथीचा वर्ग. मुलं बोलायला वाघ, पण निबंध म्हटला की दोन ओळींत गार. त्यावर उपाय म्हणून तुमसरला आमचं प्रशिक्षण झालं. मधोमध गोल काढायचा, त्यात विषय लिहायचा, भोवती रेघा ओढून सुचेल ते मांडायचं आणि मग लिहायला बसायचं. एवढंच मला कळलं. दुपारी वांग्याच्या भाजीवर भात अंमळ जास्त झाला, त्यामुळे पुढचं काही कानापर्यंत पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गोल काढला. आत लिहिलं, 'आमच्या गावचा तलाव'. भोवती सात रेघा.

"खेकडा काढला का जी, गुरुजी?" पहिल्या रांगेतल्या बडबड्यानं विचारलं.

"खेकडा नाही. विचार आहे."

"मंग एक पाय कुठं गेला विचाराचा?"

वर्ग खिदळला. मी चिडून नियम ठोकला: जे काही काढाल ते मधल्या गोलाला जोडलंच पाहिजे.

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. तोंडानं कमी, वहीत त्याहून कमी. तिची मला खरी काळजी होती. त्या दिवशी मात्र ती मान खाली घालून काढतच होती. जाऊन पाहिलं, तर वर एक गोल आणि त्याच्याखाली एकाखाली एक सहा चौकोन. गोलाला जोडलेला फक्त पहिला. मी लाल पेनानं शेवटच्या चौकोनापासून थेट गोलापर्यंत रेघ मारली. "अशी जोड."

तिनं मान डोलावली आणि लिहिलं, 'आमच्या धानाच्या बांधीला तलावाचं पाणी मिळते. पाणी भरपूर आहे.' पेन्सिल खाली ठेवली.

मी ते मोठ्यानं वाचून वर शाबासकीही दिली.

"खोटं हाय गुरुजी," बडबड्या म्हणाला. "तिच्या बापाची बांधी सगळ्यात खाली हाय. मागच्या साली धान वाळला त्यायचा."

"काहून लिहिलंस मग?" मी तिला विचारलं.

"तुमीच रेघ मारली ना जी."

मी भंडाऱ्यात वाढलेला, जन्मभर भात खाल्लेला माणूस. पण तिचे चौकोन म्हणजे उतारावरच्या बांधी, बांधानं वेढलेले धानाचे तुकडे आहेत आणि वरची बांधी भरल्याशिवाय खालच्या बांधीत पाणी उतरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

फळ्यावरचा खेकडा पुसला आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं चौकोन काढायला घेतले. चौथ्यापाशी थांबली, बडबड्याकडे पाहिलं. "इथं अडते."

"आमचं भरलं का सोडतो ना!" तो ताडकन उठला.

"कवा सोडता?"

तो खाली बसला.

"हे सगळं लिही," मी तिला म्हणालो आणि तोंड मिटून खुर्चीत बसलो. माझ्यासाठी हे काम अवघडच.

शाळा सुटताना वही हातात आली. दीड पान. एकेक चौकोन उतरत ती शेवटच्या बांधीपर्यंत पोचली होती. पाणी सोडा म्हणायला बाप कोणाकोणाच्या दारी गेला, तेही त्यात होतं. आणि माझी ती लाल रेघ तिनं रबरानं इतकी घासली होती, की कागदाला भोक पडलं होतं. भोक चुकवून, त्याच्या दोन्ही बाजूंनी तिनं निबंध पुढे नेला होता.