गजेंद्रची जुनी पेटी आणि मंडपाच्या दोन बाजू

वलगावच्या गजेंद्रचं ठाम मत होतं, की जगात कोणालाच कान नाहीत. दिवसभर झेंडूच्या वावरात खपायचं आणि लग्नसराईत शेखरच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, असा त्याचा प्रपंच. गिटारीला जोडून तिचा सूर बदलणारी त्याची जुनी मल्टी-इफेक्टची पेटी कोपऱ्यांना झिजलेली, तिचं एक बटण सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं. पण तिच्यातला कोरस नावाचा इफेक्ट लावला की सूर पाण्यावर हलल्यासारखा लहरायचा. त्या लाटेवर गजेंद्रचा जीव.

आणि बायको चंदा दर लग्नानंतर म्हणायची, "तुमची गिटार तं सादीच वाजते. लाट-बिट मले काई आयकू येत नाई."

सासरे पंजाबराव त्याच्याही पुढचे. "जावईबापू, गिटार पेलेली असते काय? सूर झोकांड्या खाते तिचा."

एकीला काहीच ऐकू येत नाही, दुसऱ्याला भलतंच ऐकू येतं. गजेंद्रचं डोकं उठायचं. बाकीचे गेले खड्ड्यात, पण चंदानं ती लाट एकदा तरी ऐकावी, एवढीच त्याची हौस होती. घरी तो हेडफोन लावूनच वाजवायचा, आणि हेडफोननं डोकं दुखतं म्हणून चंदा त्याला हात लावायची नाही. आता अशा बाईला काय सांगायचं?

त्यात शेखरनं नवी पेटी आणली. आधी तिला मोबाईल जोडा, मग तिचं अपडेट होईस्तोवर तोंड पाहत बसा, आणि मग कोरसची अशी लांबलचक सालवार यादी, की वाचता वाचता गाणं संपावं.

"कोणत्या सालचा कोरस पायजे म्हणते," गजेंद्र वैतागून म्हणाला. "मी काय सातबारा काढून राहिलो?"

"जुनी खरखरते तुही," शेखर म्हणाला. "अकोल्याच्या लग्नात दोन्ही वाजव. लोकायले जे आवडलं ते ठेवू."

अकोल्याचं लग्न चंदाच्या भाचीचं. मंडपात एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं, दोन्हीकडे एकेक मोठा स्पीकर. गजेंद्रनं नेहमीसारख्या जुन्या पेटीच्या दोन वायरी दोन बाजूंना दिल्या आणि पहिलं गाणं जीव ओतून वाजवलं. मग तोंड वाकडं करून नवी पेटी जोडली, हाताला लागला तो कोरस लावला आणि दुसरं गाणं उरकलं. त्याला ते बिनमिठाच्या वरणासारखं लागलं.

पंगती बसल्या तशी चंदा स्टेजपाशी आली. "पयलं गाणं सादंच होतं. दुसऱ्यात मातर आयकू आली तुमची लाट. चांगली वाटते हो."

गजेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात पंजाबराव येऊन म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात शुद्धीवर आली होती गिटार."

तो तोंड उघडणारच होता, पण थबकला. चंदा बसली होती बायांत, पंजाबराव माणसांत. त्यानं जुनी पेटी पुन्हा जोडली, आणि गिटारीची लांब वायर ओढत, वाजवत वाजवत आधी एका स्पीकरपाशी गेला, मग दुसऱ्यापाशी. बायांकडे नुसता सपाट सूर. माणसांकडे नुसता डुलणारा. दोन्ही मिळून लाट व्हायची ती फक्त स्टेजच्या मध्यावर, तो उभा राहायचा तिथे. जुनी पेटी दोन वायरींतून दोन वेगळे सूर देत होती, नवी दोन्ही बाजूंना ते मिसळूनच देत होती. स्टेजवरून उतरून ऐकायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. लोकांच्या कानांना शिव्या घालण्यात इतकी वर्षं गेली, आणि आता शिव्या खायला तो एकटाच उरला होता.

त्यानं चंदाला सगळं सांगितलं.

"म्हंजे येवढे वर्ष ते तुमाले एकट्यालेच आयकू येत होतं?"

"हो."

चंदा साडी सावरत स्टेजवर चढली आणि त्याला बायांच्या स्पीकरकडे सरकवून नेमकी मधोमध उभी राहिली. "वाजवा. मले जुनीच आयकाची आहे."

गजेंद्रनं वाजवलं. चंदा कितीतरी वेळ डोळे मिटून उभी होती. बाजूला सरकल्यामुळे त्याला मात्र गिटार साधीच ऐकू येत होती.