मेंढीनं चाटलेली भिंत

समोर एक म्हातारा स्वतःच्या हातानं स्वतःचं घर नासवतोय. काय चुकतंय ते तुम्हाला दिसतंय, त्याला दिसत नाही. तुम्ही तोंड उघडाल, की त्याला आणखी सिमेंट विकाल?

घाईनं उत्तर देऊ नका. वरवंडच्या साहेबरावांनी सिमेंट विकलं. भिंत जितक्या वेळा सोलली तितक्या वेळा विकलं. आणि अख्खी आळी ओट्यावर बसून बघत होती.

म्हातारा म्हणजे म्हस्कूआबा. धनगर. सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली. शेतकरी यांना बोलावून रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्या-मुतानं जमीन खतावली की बदल्यात धान्य द्यायचे. पुढं आबांचे गुडघे गेले. चरायची रानं प्लॉटिंगवाल्यांनी तारा ठोकून बंद केली. तेव्हा आबांनी कळप विकला, सवयीला म्हणून दोन-चार मेंढ्या ठेवल्या, आणि हायवेच्या आतल्या आळीत दोन खोल्यांचं जुनं दगडी घर घेतलं.

स्वतः राहायला नाही घेतलं. आबा आणि त्यांची बायको वच्छलाबाई गावाबाहेर पत्र्याच्या शेडातच राहणार होते. खोल्या कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांना भाड्यानं द्यायच्या आणि त्यावर म्हातारपण काढायचं. एक मुलगी, ती शिरूरला दिलेली. जावयाच्या दारात जाऊन पडायचं नाही, हा वच्छलाबाईंचा हट्ट. म्हणजे हे घर चाललं तर दोघांची चूल चालणार, नाहीतर नाही. आबा सगळ्यांना सांगायचे, "मेंढरू आजारी पडतंय, मरतंय. खोली कवा आजारी पडती व्हय?"

घर रस्त्याच्या खाली गेलं होतं. काँक्रीटवर काँक्रीट ओतून आळीचा रस्ता उंबऱ्याच्या वर चढला होता, पाऊस झाला की पाणी आत. आतली जमीन गुडघ्याच्या वर भरून घ्यायला हवी होती. सगळे जण मुरूम भरतात. मुरूम साहेबरावांच्या ट्रॅक्टरनं येतो, कारण आळीच्या तोंडाशी बिल्डिंग मटेरियलचं दुकान त्यांचंच. आबांनी मुरूम घेतला नाही. त्यांच्याकडं त्याहून भारी माती होती, त्यांच्या हिशोबानं. पत्र्याच्या शेडामागचा मेंढवाडा. पावसाळ्यात कळप तिथंच बसायचा, बापाच्या वेळेपासून. काळीभोर, भुसभुशीत माती. ती खणून नवरा-बायकोनं डोक्यावरून घमेल्यानं वाहिली. तीच जमिनीत भरली, तीच कालवून भिंतीच्या दगडांच्या सांदीत कोंबली, आणि वरून सिमेंटचा गिलावा मारला. गिलावा आबांनी स्वतः मारला, थापी कशी धरायची ते दुसऱ्यांचं बघून.

साहेबराव दुकानापुढं खुर्ची टाकून बसलेले. एकदा त्यांनी घमेलं थांबवलं.

"आबा, माती कुठली ही?"

"वाड्यातली. शेतकरी पाया पडायचं हिच्यासाठी. जिच्यावर पीक डुलतंय तिच्यावर घर उभं ऱ्हाणार न्हाई व्हय?"

साहेबरावांनी चिमूटभर माती उचलली, जिभेच्या टोकाला लावली, थुंकले. "सोनं हाय आबा. दाबून भरा."

हा माणूस वीटभट्टीवर वाढलेला. खारी माती भट्टीवाला फुकटसुद्धा घेत नाही, तिची वीट ओल धरून सोलते; म्हणूनच तो आधी चाखून बघतो. चव कळल्यावर ते दाबून भरा म्हणाले. कारण त्यांच्या गोडाऊनला लागून असलेलं ते घर त्यांना हवं होतं, आणि आबांनी ते त्यांच्या आधी घेतलं होतं.

रंग झाला. शीतल नावाची नर्स भाड्यानं राहायला आली. वच्छलाबाईंनी उंबऱ्यावर नारळ फोडला. पावसाळा लागला आणि भिंतींना फोड आले. फोड फुटले की आत पांढरी पिठासारखी पूड. आबा पोपडे घेऊन दुकानात गेले.

"सिमेंट पातळ पडलंय आबा. जाड मारा."

आबांनी जाड मारलं. ते सोललं. मग साहेबरावांनी वॉटरप्रूफची पावडर दिली. ती सोलली. मग दुसरी, भारीतली. शीतल सामान बांधताना म्हणाली, "आजी, राग मानू नका. कणीक मळायला बसले की भिंत परातीत पडती." पुढचे भाडेकरू दारातूनच परत जायला लागले. वास येतो म्हणाले. वास येणारच होता.

मी लोकांची गाऱ्हाणी घेऊन गावोगाव भांडणारी बाई; त्या आळीत गटारीच्या भांडणासाठी गेले होते. ग्रामपंचायतीतल्या एकाला तिथं उभा करून घाण दाखवत होते. तेवढ्यात वच्छलाबाई दोरीला मेंढी धरून आल्या. मेंढीनं हिसका दिला, दोरी सोडवून घेतली, ती सरळ खोलीत शिरली आणि भिंत चाटायला लागली. खर्र खर्र आवाज येत होता. ओढली तरी हलेना.

ओट्यावरचे हसले. एक जण म्हणाला, "आबा, मिळाला की भाडेकरू."

"भाडं लेंड्यांत दील."

"डिपॉझिट म्हणून लोकर घ्या."

आबा हसले नाहीत. उन्हाळ्यात कळपाला चाटायला खारवट जमीन शोधत हिंडलेला माणूस तो. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, तोंडात घातलं, आणि तिथंच जमिनीवर बसले.

"अगं, मीठ हाय," बायकोला म्हणाले. "मुताचं मीठ. आपुनच भरलं."

वच्छलाबाई मेंढीची दोरी हाताला गुंडाळत राहिल्या. "म्हंजी घरात वाडाच भरला की आपुन."

माझं डोकं सटकलं. सगळा प्रकार विचारून घेतला आणि दुकानात जाऊन साहेबरावांना सरळ विचारलं, तुम्ही चाखली होती ना माती?

"ताई, मी दुकानदार हाय, मास्तर न्हाई," ते म्हणाले. "त्यानं कुठं मुरूम मागितला?"

"ही कसली वागणूक?"

"भाषण नको. गिऱ्हाईक हाय, सरका."

मी सरकले नाही. आरडाओरडा केला, माणसं गोळा केली. गोळा झालेली माणसं साहेबरावांकडून उधारीवर पत्रे नेणारी निघाली. एकेक करून पांगली.

आता उपाय एकच. गिलावा खरवडायचा, सांदी कोरायच्या, दोन्ही खोल्यांतली माती उपसून मुरूम भरायचा. अवघड काही नाही, पण हात लागतात. वरवंडचे मिस्त्री येईनात. त्यांना काम कोण देतं ते सांगायला नको. एक जण मला तोंडावर म्हणाला, "येतो हो ताई, पण मग मला उद्या वाळू कोण देणार?" साहेबरावांनी आबांना निरोप धाडला, आहे तसं घर घेतो, भाव मात्र नासक्या घराचा देईन.

आबांनी नाही म्हटलं आणि स्वतःच पहार घेतली. डोळे चुरचुरायचे, खोकला थांबायचा नाही. आळी पुन्हा ओट्यावर. "भरताना बी आबा, उपसताना बी आबा, दुसऱ्याला कामच न्हाई," असली थट्टा चालायची. एका दिवशी पहार निसटली ती पायावर. आबांनी फडकं बांधलं आणि त्याच मातीत उभं राहून काम चालू ठेवलं. पाय सुजून काळा पडला तेव्हा मी त्यांना दौंडला दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढावी लागली.

तिथं साहेबराव आले. एका हातात केळी, दुसऱ्यात स्टॅम्पपेपर. आबा गुंगीत होते. साहेबराव स्टुलावर बसून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आता ह्यांच्याच्यानं व्हायचं न्हाई. तुम्ही अंगठा दिला तरी माझं काम भागंल. बाकी मी बघतो."

वच्छलाबाईंनी कागद बघितलासुद्धा नाही. "केळी ठिवा," म्हणाल्या. "कागद न्या."

साहेबराव केळी घेऊनच गेले.

आता त्या एकट्या उपसतात. सकाळी दौंडला दवाखान्यात आबांना पेज पाजतात आणि वरवंडला येऊन फावडं धरतात. पाटी भरली की तीच पाटी डोक्यावर घेऊन उंबरा चढतात, कारण उचलून द्यायलाही कुणी उठत नाही. पहिली खोली निम्मी झालीय. शेवटच्या दोन मेंढ्या मुरमासाठी विकल्या, तो मी पाटसवरून आणून दारात टाकलाय. पाऊस लागायच्या आत भरला नाही तर उघडा पडलेला पाया भिजून भिंतच बसेल, आणि मग साहेबरावांना काही विकत घ्यायचीही गरज उरणार नाही.

मला तुमची हळहळ नको. येत्या रविवारी वरवंडला या, हायवेवर उतरून म्हस्कूआबांचं घर विचारा. सांगणार नाहीत, पण ज्या बाजूला बघून हसतील, त्या बाजूला चालत या. मिस्त्री असाल तर थापी आणा, नसाल तर फावडं आणा.